खाडीकाठचा बंद कारखाना आणि जमिनीखालचे प्रश्न: एका प्रदूषण-तपासणी सेवेचे परीक्षण

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, कळव्याच्या खालच्या अंगाला, बरीच वर्षे कुलूपबंद असलेला एक खासगी मालकीचा कारखाना आमच्या लघुउद्योजकांच्या सहकारी संस्थेने गाळे बांधण्यासाठी विकत घ्यावा की नाही, असा प्रश्न आमच्यापुढे होता. तेथे पूर्वी धातूंवर क्रोमियमचा मुलामा देण्याचे काम चालत असे आणि नंतरच्या काळात रंगनिर्मितीला लागणारी मध्यवर्ती रसायनेही बनत असत. वकिलांनी मालकीहक्काचा शोध घेतला, वास्तुविशारदांनी चटईक्षेत्राचा हिशेब मांडला. पण जमिनीच्या पोटात काय मुरले आहे, हे सातबारा सांगत नाही आणि मिळकत पत्रिकाही सांगत नाही. त्यासाठी आम्ही नवी मुंबईतील एका पर्यावरण सल्लागार संस्थेची सेवा घेतली. काही मुद्द्यांवर तिच्याशी आमचा पत्रव्यवहार अद्याप चालू असल्याने तिचे नाव येथे दिलेले नाही. मात्र अशी सेवा घेणाऱ्याने काय पाहावे आणि काय मागावे, हे नावाशिवायही सांगता येते.

आमचे मत आधीच नोंदवतो. जमिनीतील आणि भूजलातील प्रदूषण शोधणे व मोजणे या कामात ही संस्था उत्तम आहे. खाडीच्या पाण्याने जे गोंधळ होतात ते तिला ठाऊक आहेत आणि ते तिने चोख हाताळले. परंतु मोजलेल्या आकड्यांवरून कोणाला, कोणत्या वाटेने आणि कितपत अपाय होऊ शकतो हे सांगण्याची वेळ आली, तेव्हा तिचा अहवाल एका कोष्टकापाशी थांबला. आम्ही शुल्क भरले होते ते धोक्याच्या मूल्यमापनासाठी, आणि नेमका तोच भाग सर्वांत तोकडा होता.

पहिला टप्पा कागदपत्रे, स्थळपाहणी आणि मुलाखतींचा असतो. त्यात मातीचा एकही नमुना घेतला जात नाही. ही पद्धत अमेरिकेतून आली आहे. तेथे १९८० च्या कायद्यानुसार दूषित जमिनीच्या सफाईचा भार नव्या मालकावरही येऊ शकतो आणि खरेदीपूर्वी रीतसर चौकशी केलेल्याला त्यातून काही संरक्षण मिळते. म्हणून तेथे एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे ‘ई १५२७’ हे मानक रूढ झाले. त्याची २०२१ ची आवृत्ती आमच्या सल्लागारांनी आधाराला घेतली होती. आपल्याकडे असे कायदेशीर कवच नाही. तरीही बँका आणि परदेशी भागीदार हा अहवाल मागतात. शिवाय केंद्र सरकारने २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले असून, त्यांत संशयित स्थळाची आधी प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी, तसेच जबाबदार व्यक्तीकडून खर्चाची वसुली अशी तरतूद आहे. त्यामुळे ‘आधीच्या मालकाचे पाप, आम्हाला काय त्याचे’ असे म्हणून सुटण्याचे दिवस संपत आले आहेत, असे आमच्या वकिलांचेही मत पडले.

कागदपत्रांच्या शोधात या संस्थेने जी चिकाटी दाखवली तिला आम्ही पूर्ण गुण देतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रे आणि दरवर्षी भरावयाची पर्यावरण विवरणपत्रे कोणताही सल्लागार मागवतो. यांनी त्यापुढे जाऊन जुनी पाणी उपकराची विवरणे मिळवली आणि उत्पादन जितके दाखवले होते त्या मानाने पाण्याचा वापर किती जास्त होता, हे त्यांवरून ताडले. इंधनसाठ्याच्या परवान्याच्या नकाशावर जमिनीखालची फर्नेस ऑइलची टाकी दिसली, जी विक्रेत्याने दिलेल्या आराखड्यात नव्हतीच. घातक कचऱ्याचे पहिले नियम देशात १९८९ मध्ये आले. त्याआधीचा स्लज, म्हणजे प्रक्रियेतून उरलेला गाळ, कोठे गेला याचा कागद कोणाकडेच नसणार, हे गृहीत धरून त्यांनी जुने भूमापन नकाशे आणि उपग्रहचित्रे एकमेकांवर ठेवून पाहिली. त्यावरून भूखंडाच्या पश्चिमेचा जवळजवळ तिसरा हिस्सा पूर्वी खाजण होता आणि तो टप्प्याटप्प्याने भरून काढला गेला, असे दिसले. भराव कशाचा, हा पुढच्या टप्प्याचा कळीचा प्रश्न तेथेच निघाला.

मुलाखतींच्या बाबतीतही त्यांनी केवळ चौकीदार आणि विक्रेत्याचा व्यवस्थापक यांच्यावर भागवले नाही. प्लेटिंग विभागात फिटर म्हणून काम केलेल्या एका निवृत्त कामगारांना त्यांनी शोधून काढले. त्या काकांनी जुन्या पिकलिंगच्या, म्हणजे धातू आम्लाने साफ करण्याच्या, टाकीची जागा पायाने आखून दाखवली. ‘पावसाळ्यात टाकी भरली की नळी खाडीकडच्या गटारात सोडायचे’ हे त्यांचे एक वाक्य मला तरी पन्नास पानांच्या परिशिष्टापेक्षा मोलाचे वाटले.

स्थळपाहणीच्या दिवशी मी सोबत होतो. प्लेटिंग शेडच्या आतल्या भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत विटांच्या सांध्यांतून पिवळे, बारीक स्फटिक फुलून आले होते. आमच्यातल्या एकाने ते बोटाने चाचपायला हात पुढे केला, तेव्हा सल्लागारांच्या तरुण अभियंता बाईंनी त्याला जवळजवळ ओरडूनच थांबवले. तो पिवळा रंग षट्संयुजी क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या अधिक विषारी रूपाचा, असू शकतो, जमिनीतील ओल विटांतून वर चढते आणि सुकताना क्षार मागे ठेवते, म्हणजे शेडच्या खालची मातीही त्याच द्रावणाने भिजलेली असण्याची शक्यता आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. छताचे सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे होते. जुन्या रोहित्राखालच्या तेलकट डागाची पीसीबी या प्रतिबंधित रसायनांसाठी वेगळी चाचणी सुचवण्यात आली. या गोष्टी नेहमीच्या असल्याने त्यांवर अधिक लिहीत नाही.

दुसऱ्या टप्प्यात बोअर घेऊन माती आणि भूजल तपासायचे होते. खाडीकाठच्या जागेची परीक्षा येथेच होते, आणि सल्लागाराचीही. मुंबई परिसरात उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते आणि काठालगतचे भूजल त्याच्याबरोबर वरखाली होते. साध्या जागेवर तीन निरीक्षण विहिरींतील पातळी एकदा मोजली की भूजलाचा उतार कोणत्या दिशेला आहे हे कळते. येथे ते मोजमाप भरतीला केले तर पाणी खाडीकडून जमिनीकडे वाहते आहे असे दिसेल आणि ओहोटीला केले तर नेमके उलटे. आम्ही आधी ज्या दुसऱ्या सल्लागाराकडून दरपत्रक मागवले होते, त्याच्या प्रस्तावात पातळी एकाच दिवशी, एकदाच मोजण्याची तरतूद होती. या संस्थेने विहिरींत दाबमापक नोंदयंत्रे सोडली आणि उधाण (मोठी भरती) व भांग (लहान भरती) दोन्ही येऊन जातील इतका काळ दर काही मिनिटांची नोंद घेतली. निव्वळ प्रवाह खाडीकडेच आहे, हे सरासरीवरून सिद्ध झाले. शिवाय एका विहिरीत भरतीची चाहूल इतरांपेक्षा फार लवकर लागते, हेही दिसले. ती विहीर जुन्या सांडपाण्याच्या नळाच्या रेषेवर निघाली. नळ कधीच बुजला होता, पण त्याच्या भोवतीच्या खडी-वाळूच्या थरातून पाणी सुखेनैव ये-जा करत होते. म्हणजे क्रोमियमला खाडीकडे जायला जणू आयती पाऊलवाट होती, आणि ती कोणत्याही नकाशावर नव्हती.

नमुने घेण्याची शिस्तही चांगली होती. विहिरीतील साचलेले पाणी आधी हळूहळू उपसून, विद्युतवाहकता आणि पीएच स्थिर झाल्यावरच बाटल्या भरल्या गेल्या, आणि त्या ओहोटीच्या वेळी, म्हणजे जमिनीकडचे पाणी विहिरीत असताना. उडनशील रसायनांच्या कुप्यांत हवेचा बुडबुडा राहू दिला नाही. बर्फाच्या पेटीत प्रवासात बाहेरचे काही मिसळले का हे कळण्यासाठी शुद्ध पाण्याची कोरी कुपी होती, दुबार नमुने होते आणि प्रत्येक हस्तांतरावर सही-वेळ होती.

प्रयोगशाळेच्या निकालांत दोन गमती घडल्या. खाडीलगतच्या विहिरींत आर्सेनिक अनपेक्षितपणे जास्त आले. या कारखान्याच्या इतिहासात आर्सेनिकचे नाव कोठेच नव्हते, त्यामुळे संचालक मंडळात थोडी घबराट झाली. सल्लागारांनी मात्र निकाल तसाच अहवालात न ढकलता प्रयोगशाळेला पद्धत विचारली. धातूंचे अंश वस्तुमानावरून मोजणाऱ्या आयसीपी-एमएस या यंत्रात आर्गॉन वायू वापरतात. खारट पाण्यातील क्लोराइड त्या आर्गॉनशी जुळून ७५ वस्तुमानाचा आयन तयार होतो, आणि आर्सेनिकचे वस्तुमानही ७५ च. असे जोडआयन गाळणारा टक्करकक्ष न वापरता यंत्र चालवले तर मिठालाच आर्सेनिक समजून बसते. आर्सेनिक आधी वायुरूपात वेगळे काढणाऱ्या हायड्राइड पद्धतीने फेरचाचणी केल्यावर आकडा खाली आला. ज्या सल्लागाराला हे ठाऊक नाही त्याने खाडीकाठची कामे घेऊ नयेत, असे मी येथे स्पष्टपणे म्हणतो.

दुसरी गोष्ट तांब्याची. मातीतील धातूंसाठी आपल्याकडचे सल्लागार अजूनही बहुधा नेदरलँड्सच्या हस्तक्षेप-मूल्यांचा, म्हणजे ज्यांपुढे माती गंभीर दूषित मानतात त्या आकड्यांचा, आधार घेतात. त्यांनुसार शिशासाठी किलोमागे ५३० मिलिग्रॅम, आर्सेनिकसाठी ७६, तांब्यासाठी १९० आणि खनिज तेलासाठी ५००० अशी मर्यादा आहे. ही मूल्ये दहा टक्के सेंद्रिय द्रव्य आणि पंचवीस टक्के चिकणमाती असलेल्या प्रमाण मातीसाठी दिलेली असून प्रत्यक्ष मातीनुसार ती बदलून घ्यावी लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणात तांबे, क्रोमियम आणि निकेल मुळातच भरपूर असतात. मुरमाचा स्वच्छ भरावही डच मोजपट्टीवर संशयित ठरू शकतो. संस्थेने भूखंडाच्या पूर्वेकडील उंच, कधीही वापरात नसलेल्या भागातून पार्श्वभूमीचे नमुने घेतले होते आणि तांब्याचा आकडा त्यांच्याशी ताडून बाजूला ठेवला. क्रोमियमच्या बाबतीतही एकूण क्रोमियमवर न थांबता षट्संयुजी क्रोमियम वेगळे मोजले, कारण खडकातून येणारे क्रोमियम बहुतांशी त्रिसंयुजी असते, तर मुलाम्याच्या टाकीतून गळालेले षट्संयुजी असते. प्लेटिंग शेडखालील मातीत आणि तेथून खाडीकडे जाणाऱ्या रेषेवरील विहिरींत षट्संयुजी क्रोमियम निर्विवादपणे सापडले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. तेथील खारट पाणी कोणी पीत नाही, तरीही तुलनेसाठी सांगायचे तर प्रमाण त्याच्या अनेक पटींनी जास्त होते.

येथपर्यंत तक्रारीला जागा नाही. तक्रार यापुढची आहे.

धोका ठरवताना तीन गोष्टी लागतात: विषाचा उगम, त्याची वाट आणि त्या वाटेच्या टोकाला असलेला जीव. यांपैकी एक जरी नसेल तरी अपाय होत नाही. तिन्ही असतील तर मर्यादेखालचा आकडाही दुर्लक्षून चालत नाही. संस्थेने उगम शोधला, वाट तर फारच सुरेख शोधली. पण टोकाला कोण आहे या रकान्यात ‘भविष्यातील औद्योगिक गाळ्यांतील प्रौढ कर्मचारी’ एवढीच नोंद केली आणि त्याच्यासाठी, काँक्रीटची फरसबंदी असल्याने, धोका स्वीकारार्ह ठरवला. त्या काँक्रीटच्या आधी पायाचे खड्डे खणावे लागणार आहेत, त्यांत साचलेल्या पिवळसर पाण्यात मजूर उतरणार आहेत आणि ते पाणी पंपाने कोठेतरी टाकले जाणार आहे, याचा उल्लेख नाही. कुंपणाच्या पश्चिमेला कांदळवन आहे. तेथे ओहोटीला जवळपासच्या कोळीवाड्यातील माणसे, बहुतेक बायका, चिंबोऱ्या आणि निवट्या धरायला उतरतात. पाहणीच्या दिवशी सल्लागारांच्या पथकाने त्या स्वतः पाहिल्या होत्या. छायाचित्र क्रमांकासह परिशिष्टात आहे. तरीही धोक्याच्या कोष्टकात त्यांना ओळ नाही. विचारल्यावर उत्तर आले की, त्या ‘भूखंडाच्या हद्दीबाहेर’ आहेत. भूजल हद्द ओळखत नाही, हे ज्या संस्थेने नोंदयंत्रे लावून आम्हाला शिकवले, तिनेच हे उत्तर द्यावे याचे नवल वाटले.

गाळाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. कांदळवनाचा काळा चिखल प्राणवायूविरहित असतो. त्यातील गंधकयुक्त आणि सेंद्रिय द्रव्यांमुळे षट्संयुजी क्रोमियमचे रूपांतर कमी घातक त्रिसंयुजी क्रोमियममध्ये होते आणि शिसे, जस्त यांसारखे धातू सल्फाइडच्या रूपात अडकून पडतात. त्या अर्थी चिखल हा रक्षक आहे. मात्र तोच चिखल उपसून उन्हात टाकला की सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते, आम्ल तयार होते आणि बांधलेले धातू पुन्हा मोकळे सुटतात. खाडीकडील जुन्या गटाराचे मुख साफ करावे, अशी शिफारस अहवालात आहे. त्या गाळाचा एकही नमुना मात्र तपासलेला नाही. कांदळवनात नमुने घ्यायला वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागली असती, हे त्यांचे कारण खरे आहे. पण गटाराच्या मुखाचा बराच भाग कुंपणाच्या आत आहे आणि तेथला गाळ घेता आला असता.

या खाडीच्या बाबतीत ही त्रुटी किरकोळ मानता येत नाही. खाडीच्या खालच्या भागात २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेनुसार खाडीलगत भरतीरेषेपासून पन्नास मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी तेवढा पट्टा नियमनात येतो. कांदळवनाचे क्षेत्र एक हजार चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर त्याभोवती आणखी पन्नास मीटरचा राखीव पट्टा सोडावा लागतो. आमच्या भूखंडाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, सर्वांत दूषित असण्याची शक्यता असलेला पश्चिमेचा भराव बहुतांशी याच पट्ट्यात येतो. तेथे गाळे बांधता येणार नाहीत आणि सफाईसाठी खणायचे म्हटले तरी परवानग्यांची वेगळी रांग आहे. हा मुद्दा अहवालाच्या ‘कायदेशीर चौकट’ या प्रकरणात आहे, धोक्याच्या प्रकरणात नाही, आणि दोन्ही प्रकरणे वेगवेगळ्या माणसांनी लिहिली असावीत असे वाचताना जाणवते.

आणखी एक गफलत नोंदवली पाहिजे, कारण ती इतर अहवालांतही पाहिली आहे. खोदलेली माती घातक कचरा ठरते की नाही, हे २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीतील मर्यादांवरून ठरते. शेडखालच्या मातीचा एक नमुना त्या मर्यादेच्या किंचित खाली आला, म्हणून सारांशात ती माती ‘घातक नाही’ असे लिहिले गेले. ती मर्यादा माती तळोज्यासारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्रात पाठवावी लागेल का, एवढेच सांगते. त्या मातीवर उभे राहणे, ती हाताळणे किंवा तिच्यातून पाणी झिरपू देणे सुरक्षित आहे की नाही, हा निराळाच प्रश्न आहे. संचालक मंडळातील बहुतेक जण सारांशाचे पानच वाचतात. त्या पानावरचा ‘घातक नाही’ हा शेरा विक्रेत्याच्या दलालाने बैठकीत तीनदा वाचून दाखवला.

शुल्काबद्दल थोडक्यात. पहिल्या टप्प्याचे शुल्क माफक होते. खरा खर्च बोअर आणि प्रयोगशाळा यांचा. तो प्रत्यक्ष प्रमाणावर, दरपत्रकानुसार लावला गेला आणि त्यात लपवाछपवी नव्हती. काम पावसाळ्याआधी झाले, त्यामुळे भूजलाची पातळी सर्वांत वर असतानाचे चित्र हाती नाही. हे त्यांनी स्वतःहून अहवालात लिहिले, हे त्यांच्या सचोटीचे लक्षण मानतो. अहवालाची भाषा इंग्रजी आहे. मराठीत चार पानांचे निवेदन मागितले तेव्हा ते विनाशुल्क दिले, आणि ते मूळ अहवालापेक्षा स्पष्ट उतरले आहे.

ही सेवा घ्यावी का, असे कोणी विचारले तर बंद रासायनिक कारखाना, भरावाची जमीन आणि भरती-ओहोटीचे पाणी असा त्रिवेणी प्रश्न असेल तेव्हा जरूर घ्यावी. पण कार्यादेशात काही गोष्टी आधीच शब्दांत बांधून घ्याव्यात. धोक्याच्या कोष्टकात बांधकाम मजूर आणि हद्दीबाहेर खाडीवर पोट असलेली माणसे यांच्या स्वतंत्र ओळी असाव्यात. गाळाचे नमुने मूळ व्याप्तीतच घ्यावेत. ‘ऐच्छिक’ या रकान्यात टाकले की ते होत नाहीत. आणि सारांशाचे पान लिहिणाऱ्याने भूजलाचे प्रकरण वाचलेले असावे, ही अट हास्यास्पद वाटली तरी घालावी.

आम्ही अंतिम देयकाचा काही भाग रोखून ठेवला आणि वरील आक्षेप लेखी कळवले. त्यानंतर संस्थेने अहवालाला जोडभाग पाठवला. त्यात खड्ड्यांतील पाणी उपसून टँकरने प्रक्रियेसाठी पाठवण्याची पद्धत, षट्संयुजी क्रोमियमचे जागेवरच रासायनिक क्षपण करण्याचा (त्याला कमी घातक त्रिसंयुजी रूपात बदलण्याचा) पर्याय आणि पश्चिमेचा पट्टा न खणता वरून झाकून ठेवण्याची शिफारस आहे. विक्रेत्याशी किमतीची बोलणी आता याच जोडभागाच्या आधारे चालू आहेत. गटाराच्या मुखाच्या गाळाची आणि चिंबोऱ्यांच्या मांसातील धातूंची चाचणी पावसाळ्यानंतर करण्याचा प्रस्तावही त्यासोबत आला असून, त्याचे शुल्क वेगळे आकारले आहे. गाळाच्या चाचणीचे शुल्क आम्हाला मान्य नाही. चिंबोऱ्यांच्या चाचणीचे मान्य केले आहे.